सोळा नंबरचा फॉर्म आणि फंडाचा पैसा

मंडळी, बसून घ्या. मागच्यांना ऐकू येते ना? बायांनीही पुढे सरकावे. आजचे बोलणे पगाराचे आहे, आणि पगारावर घर चालते.

आपल्याकडची किती तरी पोरे आज चाकण, रांजणगाव, वाळूज इकडे कारखान्यांत कामाला आहेत. पोरीही आहेत. वर्षाचा हिशेब मार्चला संपतो. मग जून महिन्यात कारखान्यातून एक कागद मिळतो. त्याला फॉर्म सोळा म्हणतात. मालकाने वर्षभरात किती पगार दिला आणि त्यातून सरकारचा कर किती कापला, याचा तो दाखला. कर कापला असेल तर मालकाने १५ जूनपर्यंत हा दाखला द्यावाच लागतो. कर कापलेला नसला, तरी पुष्कळ ठिकाणी मागितला तर देतात. मागून ठेवावा. बँकेत कर्जाला गेलात की पहिल्यांदा तोच मागतात.

हा कागद घरी आला की पुष्कळदा तंटा होतो. बाप म्हणतो, "यावर पाच लाख चाळीस हजार लिहिलेत. तू तर एवढे कधी आणले नाहीस. बाकीचे कुठे उडवलेस?" पोरगा काय सांगणार? त्यालाच ठाऊक नसते.

तर तो आकडा उलगडून पाहू. २०२४-२५ या वर्षाचा कागद घेऊ. समजा, एका गड्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला २५,००० रुपये आहे. बाकीचे भत्ते २०,००० रुपये. एकूण ४५,००० झाले. बारा महिन्यांचे किती? ५,४०,०००. फॉर्मवर "एकूण पगार" म्हणून हाच आकडा येतो.

आता हातात किती पडले ते बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर शंभराला बारा रुपये फंड कापतात. फंड म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, भविष्य निर्वाह निधी. २५,००० वर बारा टक्के म्हणजे ३,००० रुपये महिना. वर्षाचे ३६,०००. शिवाय आपल्या राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. ५,४०,००० मधून हे दोन्ही वजा करा. ५,०१,५०० उरतात. तेवढेच घरी आले. पोराने काही उडवले नाही हो! ३६,००० त्याच्याच नावावर साठले आहेत.

फंड हातात आला नाही, तरी तो पगारच आहे. म्हणून फॉर्मवर तो आधी पगारात धरतात.

मालकही आपल्या पदरचे तेवढेच, म्हणजे ३,००० रुपये, दर महिन्याला भरतो. पण हे सगळे पैसे फंडात पडत नाहीत. १९९५ साली पेन्शनची योजना आली. त्या योजनेत मालकाच्या हिश्श्यातला एक भाग जातो. आपण धरलेल्या वर्षी १५,००० रुपये पगारापर्यंतच तो भाग मोजत. म्हणून महिन्याला १,२५० रुपये पेन्शनकडे गेले आणि उरलेले १,७५० फंडात पडले. वर्षाचे ते २१,००० झाले. गड्याचे ३६,००० आणि हे २१,००० मिळून फंडात ५७,००० साठले. व्याज निराळे. त्या वर्षी ते सव्वाआठ टक्के होते. काही मालक मात्र पगार कितीही असो, १५,००० वरच फंड मोजतात. तिथे हे आकडे लहान दिसतील.

हा मालकाचा हिस्सा फॉर्म सोळावर शोधाल तर सापडणार नाही. बारा टक्क्यांपर्यंतचा मालकाचा हिस्सा पगाराच्या आकड्यात धरीत नाहीत. म्हणून तो कागदावर येत नाही. दिसला नाही म्हणून मालकाने बुडवला, असे लगेच म्हणू नका.

आपला स्वतःचा हिस्सा मात्र फॉर्मच्या खालच्या भागात येऊ शकतो. तिथे "वजावट" असे सदर आहे. २०२४-२५ च्या फॉर्मवर त्यात ८०सी नावाची ओळ आहे. फंड, विमा असली बचत तिथे लिहितात. तेवढी रक्कम उत्पन्नातून कमी धरतात आणि कर उतरतो. ही सवलत दीड लाखापर्यंत होती.

पण इथे एक गोम आहे. कर मोजण्याच्या रीती दोन आहेत, एक जुनी आणि एक नवी. ही ८०सीची सवलत फक्त जुन्या रीतीत मिळते. आणि २०२३-२४ पासून असे झाले, की कामगाराने जुनी रीत मागून घेतली नाही, तर कारखाना नवी रीत धरतो. नव्या रीतीत करच मुळात कमी आहे, म्हणून ही सवलत नाही. मग ८०सीच्या ओळीत काय येते? शून्य! ते शून्य पाहून माणूस घाबरतो. त्याला वाटते, वर्षभर फंड कापला आणि इथे शून्य? पैसे गेले! बाबा, पैसे गेले नाहीत. फंडाबद्दल सवलत धरली नाही, एवढेच ते शून्य सांगते.

याच्या उलटही होते, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. फॉर्मवर ३६,००० नीट छापलेले असतात, आणि खात्यात एक पैसाही भरलेला नसतो. छोट्या ठेकेदारांकडे हा प्रकार फार चालतो. फॉर्म हा मालकाच्या हिशेबावरून निघतो. पगारातून कापले, एवढेच त्यावरून कळते. कापलेले भरले का, हे कळायला फंडाचे पासबुकच पाहावे लागते.

हे पासबुक आता मोबाईलवर पाहता येते. प्रत्येक कामगाराला बारा आकडी नंबर असतो. त्याला यूएएन म्हणतात. २०१४ पासून हे नंबर देऊ लागले. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. पगाराच्या चिठ्ठीवर तो बहुतेक छापलेला असतो. पासबुकात दर महिन्याला तीन रकमा दिसतात. एक कामगाराची, एक मालकाची, एक पेन्शनची. आपल्या गड्याच्या पासबुकात ३,०००, १,७५० आणि १,२५० दिसायला हवेत. एका महिन्याची रक्कम मालक पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरतो. म्हणून मार्चची नोंद एप्रिलात आली, तर काळजी नको. पण तीन-चार महिने रकाने कोरे दिसले, तर गप्प बसू नका.

पगारातून फंड कापून तो न भरणे हा गुन्हा आहे. आधी कारखान्याच्या हिशेबनिसाला विचारा. नीट उत्तर मिळाले नाही, तर भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. सोबत पगाराच्या चिठ्ठ्या आणि फॉर्म सोळा लावा. हा फॉर्म इथे फार उपयोगी पडतो, कारण कापल्याचे मालकाने स्वतःच त्यात लिहून दिलेले असते. ठेकेदार पळून गेला, तरी ज्या कारखान्यात काम केले त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते. म्हणून चिठ्ठ्या फेकू नका. चुलीच्या कोनाड्यात नको, पत्र्याच्या पेटीत ठेवा.

फंडाचा कायदा १९५२ साली झाला. प्रथम तो सहाच उद्योगांना होता. कापडगिरण्या त्यांतच होत्या. त्यामुळे मुंबईच्या गिरणीत राबलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या किती तरी माणसांच्या पदरी म्हातारपणी हा पैसा आला. पुढे कायदे बदलले, पण फंडाची रीत चालू आहे. करासाठीही २०२५ साली नवा कायदा केला. तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. त्यामुळे त्यापुढच्या वर्षांच्या कागदावर ८०सी हे नाव शोधू नका.

आणखी एक. नोकरी सोडली की पोरे पहिल्यांदा फंड काढायला धावतात. सलग पाच वर्षे भरायच्या आत काढला, तर त्या पैशावर कर लागू शकतो. नव्या नोकरीत तोच यूएएन देऊन जुना फंड तिकडे वळवून घ्या. म्हणजे मागची वर्षे पुढच्यांत धरली जातात.

आता ज्यांनी फॉर्म आणि पगाराच्या चिठ्ठ्या आणल्या आहेत, त्यांनी इकडे कंदिलाजवळ यावे. ज्याला आकडे वाचता येतात, त्याने शेजारच्याला वाचून दाखवावे. पहिल्यांदा "एकूण पगार" ही ओळ शोधा.