केक पुरे झाला



पाचएक वर्षांपूर्वीचा 25 डिसेंबर. आम्ही रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे सहा निवृत्त गृहस्थ. त्यातले चौघे बँकेतले, म्हणजे हिशेबाला पक्के आणि उत्साहाला कच्चे. पण त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की नाताळाच्या दिवशी काहीतरी चांगलं काम करायचं. दोन किलोंचा प्लम केक घेतला, पाच डझन केळी घेतली आणि शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जाऊन थडकलो.

फाटकाशी एक मिनीबस उभी होती. आत लाल टोप्या घातलेली कुठल्याशा कंपनीतली मुलंमुली कापडी फलक धरून फोटो काढत होती. आम्हीही केक कापला, कागदी बशा भरल्या आणि फिरवायला लागलो. खिडकीजवळच्या कॉटवर एक आजी बसल्या होत्या. मी बशी पुढे केली, तशी त्यांनी शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. तिथे आधीच दोन बशा होत्या. "ठेव बाबा तिथंच," आजी म्हणाल्या, "रात्री मुंग्यांची सोय होईल."

निघताना व्यवस्था बघणाऱ्या ताईंना भेटलो. त्यांच्या टेबलावर बेकरीचे खोके एकावर एक रचलेले. "काका, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही चौथे. संध्याकाळी आणखी दोन मंडळी यायची आहेत. उद्या कुणी फिरकणार नाही, परवाही नाही. माझ्याकडे 42 माणसं आहेत. आणि खरं सांगू का, त्यांच्या पायाची नखं कापायला माणूस नाही."

परतताना गाडीत सगळे गप्प. शेवटी एकजण म्हणाला, "केक मात्र चांगला होता."

28 तारखेला मी एकटाच परत गेलो. सोबत एक मोठं नेलकटर आणि घरातला जुना टॉवेल. म्हाताऱ्या माणसाच्या पायाची नखं कापणं हे काय काम आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. नख जाड, पिवळं, शिंपल्यासारखं कडक झालेलं असतं. घाई केली तर नेलकटर निसटतं आणि कातडीला लागतं. आधी कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवायचे, पुसायचे, मग थोडं थोडं, सरळ रेषेत कापायचं. कोपऱ्यात शिरायचं नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायांना आपण हात लावायचा नाही, ते काम नर्सचं. हे सगळं मला ताईंनी शिकवलं. सकाळभरात माझे पाच जण झाले. मुंग्यांवाल्या आजी तिसऱ्या होत्या. पाय पाण्यात असेपर्यंत त्यांनी मला पाटणकडच्या त्यांच्या गावातल्या सगळ्या सुनांची उणीदुणी सांगितली. दोन महिन्यांत इतका वेळ त्यांच्यासमोर कुणी बसलंच नव्हतं. घरी येऊन हे सांगितलं, तर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अडतीस वर्षांत माझी कधी कापली नाहीत ती!"

श्रोतेहो, आज मला बोलायचंय ते एवढंच. नाताळाच्या सुट्टीत सेवेचं काम करू म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. काम तर त्याहून पुष्कळ आहे. पण दोघांची गाठ पडते ती एकाच दिवशी, तीही केकच्या खोक्यावर.

आता ही सुट्टी असते तरी कुणाला? आपल्या मराठी शाळांना बहुधा एक दिवस. कॉन्व्हेंटच्या मुलांना आठ-दहा दिवस. आणि आमच्या पुण्यातल्या हिंजवडीकरांना, म्हणजे आयटीवाल्यांना, जवळजवळ तेवढीच, कारण तिकडे अमेरिकेतला नि युरोपातला ग्राहकच सुट्टीवर गेलेला असतो. शिवाय वर्षाच्या उरलेल्या रजा संपवायच्या असतात. म्हणजे 24 डिसेंबरपासून 1 जानेवारीपर्यंत हातपाय धड असलेली हजारो माणसं घरात बसून मोबाइल चाळत असतात. यातला एक दिवस, एकच सकाळ बाहेर निघाली तरी मोठं काम होईल.

ते काम शोधायचं कसं? मी एक साधी युक्ती शिकलो. 15 डिसेंबरच्या आत संस्थेला फोन करायचा आणि "आम्ही काय आणू?" असं न विचारता "तुमच्याकडे कोणतं काम अडलंय?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला समोरचा माणूस भिडेखातर "काहीही आणा" म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाला तो जरा थांबतो आणि मग खरं सांगतो. मला आजवर मिळालेली उत्तरं ऐका. एप्रिलपासूनची व्हाउचरं लावायची राहिली आहेत. गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात घालायच्या आहेत, पण उचलायला कुणी नाही. तिघांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचंय, गाडी आहे, चालवणारा सुट्टीवर आहे. वाचनालयातल्या चारशे पुस्तकांना कव्हरं घालायची आहेत. यातल्या एकाही कामाचा फोटो चांगला येत नाही, म्हणूनच ती अडलेली असतात.

आणि खुद्द 25 तारखेचं म्हणाल, तर त्या दिवशी एक काम आहे आणि ते बिगरख्रिस्ती माणसानेच करावं असं आहे. आपल्याकडचे किती दवाखाने, वसतिगृहं, अनाथाश्रम सिस्टर्स चालवतात, तिथे किती नर्सेस केरळातून आलेल्या असतात! दिवाळीत आपल्या मुली घरी जातात तेव्हा पाळ्या याच सांभाळतात. मग नाताळच्या मिस्साला त्यांना जाता यावं म्हणून आपण चार तास स्वयंपाकघर सांभाळायला, फाटकावर बसायला, रात्रीची पेज वाढायला काय हरकत आहे? इंजेक्शन आपण देऊ शकत नाही, पण कांदे चिरू शकतो. त्यांच्या सणाला भेट द्यायची तर केकपेक्षा ही रजा द्यावी.

ही कल्पना माझी नव्हे. माझी पुतणी लंडनला असते, तिच्याकडून ऐकली. तिथे क्रायसिस नावाची संस्था 1967 पासून बेघर लोकांसाठी काम करते. नाताळात ती त्यांच्यासाठी केंद्रं उघडते: गरम जेवण, अंघोळ, डॉक्टर, न्हावी, सगळं. पण वाटेल तेव्हा उठून तिथे गेलं असं चालत नाही. नावनोंदणी कितीतरी आधी सुरू होते, पाळ्या लावून मिळतात, कुणी कपडे निवडायचे आणि कुणी भांडी घासायची हे ठरलेलं असतं. 25 डिसेंबरला लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वे बंद असते, म्हणून गाडी असलेल्या स्वयंसेवकाला फार भाव. तिकडच्या आपल्या मंडळींचा तो सण नसतो, म्हणून तो दिवस त्यांना अशा पाळीसाठी मोकळाच असतो. पुतणीच्या वाट्याला पहिल्या वर्षी काय आलं असेल? नऊ तास चहा. "काका, सांगलीतल्या आत्याच्या लग्नातसुद्धा मी इतका चहा केला नव्हता," ती म्हणाली.

असो. ज्यांना कुठल्या संस्थेत जायचंच नाही, त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचं एक काम सांगतो. या आठवड्यात काही महाविद्यालयं बंद, कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या, त्यामुळे रक्तदान शिबिरं कमी होतात. पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना नाताळ नाही. प्लेटलेट्स तर पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, म्हणजे साठा करून ठेवायची सोय नाही. वय 18 ते 65, वजन 45 किलोंच्या वर आणि प्रकृती ठीक असेल तर सरळ जवळच्या रक्तपेढीत जा. गणपतीच्या शिबिरात रक्त दिलं असेल, तर पुरुषांचे 90 दिवस नाताळापर्यंत बहुधा भरलेले असतात. स्त्रियांना 120 दिवस थांबावं लागतं, त्यांनी तारीख मोजून बघावी.

शाळकरी मुलांसाठीही एक फार चांगलं काम आहे, पण त्याची तयारी आत्ता करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. अंध मुलांना त्या परीक्षेला लेखनिक लागतो. तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, त्यामुळे दहावीच्या मुलासाठी नववीतला किंवा आठवीतला हवा. अक्षर सुवाच्य हवं, कान तयार हवा आणि मुख्य म्हणजे आपली अक्कल पाजळायची सवय नको. समोरचा सांगेल तेच लिहायचं, चुकीचं असलं तरी! या मुलांना दर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. चार तास दुसऱ्याचं ऐकून लिहिणं सोपं नाही. सुट्टीत दोन-तीन सराव पेपर एकत्र बसून केले, तर दोघांची लय जमते. अंधशाळेत जाऊन नुसतं नाव दिलंत तरी तिथल्या शिक्षकांचा जीव भांड्यात पडतो.

आणि गाव. माझा भाचा महाविद्यालयात शिकवतो आणि एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, बघतो. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीत, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. तिची सात दिवसांची शिबिरं पुष्कळदा याच दिवसांत असतात. परवा मी त्याच्याबरोबर मावळातल्या एका गावी गेलो होतो. मुलं ओढ्यावर वनराई बंधारा घालत होती. सिमेंटची रिकामी पोती, ओढ्यातलीच वाळू-माती आणि सुतळी, एवढंच सामान. शहरातली मुलं, जोर दाखवायला पोती तोंडापर्यंत ठासून भरत होती. काठावर एक म्हातारबाबा बिडी ओढत बसले होते. बराच वेळ त्यांनी बघितलं, मग न राहवून उठले. "आरं, गच्च भरलं की पोतं गोल हुतं. गोल पोत्याच्या फटीतनं पाणी जातंय. जरा रितं ठेवा, म्हंजी चपटं बसंल." मग त्यांनी स्वतः एक पोतं शिवून, आडवं टाकून, पायाने तुडवून दाखवलं. विटांसारखी सांधेमोड करत वरचा थर रचला, मधल्या फटींत चिकणमाती भरली. दुपारी तीनपर्यंत ओढ्याला घोटाभर असलेलं पाणी मुलांच्या गुडघ्याला लागलं. ती पोरं अशी ओरडली म्हणता! बाबांनी फक्त बिडी विझवली आणि ते म्हशीला पाण्यावर आणायला गेले. शिबिराबाहेरच्या लोकांनाही अशा गावात मज्जाव नसतो. ग्रामपंचायतीला आधी विचारून चार मित्र गेले तरी चालतं. फक्त ओढा वाहता हवा. उशीर झाला की अडवायला पाणीच राहत नाही.

गडकिल्ल्यांवर प्रेम करणाऱ्यांना 31 डिसेंबरची रात्र आहेच. दुर्गसंवर्धनाची मंडळं त्या रात्री गडाच्या वाटांवर पहारा देतात, पार्ट्यांना जाणाऱ्यांना गोडीने परत पाठवतात आणि सकाळी बाटल्या गोळा करतात. त्यांच्यात सामील व्हा. मात्र पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवू नका.

एका ठिकाणी मात्र मी तुम्हाला थांबा म्हणणार आहे. अनाथाश्रमातली मुलं. सुट्टीपुरता दादा होऊन चार दिवस खांद्यावर घ्यायचं आणि पाचव्या दिवशी दिसेनासं व्हायचं, हे त्या मुलांशी बरं नाही. त्यांना सोडून जाणारी माणसं पुरेशी भेटलेली असतात. अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे, ती आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर रोज मोडतो. वर्षभर महिन्यातून एकदा येणार असाल तरच तिथे जा. नाहीतर त्यांच्या स्वयंपाकघरात जा.

गंमत बघा, आपल्या मराठी पंचांगात हा आठवडा आधीच कामाचा आहे. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले. 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. 24 ला साने गुरुजींचा जन्मदिवस, 26 ला बाबा आमट्यांचा. यात मला या बाबतीत सगळ्यांत व्यवहारी वाटतात ते गाडगेबाबा. गावात आल्यावर कीर्तन रात्री, आधी झाडू. गावाला काय हवं हे त्यांनी ठरवलं नाही, रस्त्यावर पडलेलंच उचललं.

आमच्या टेकडीवरच्या मंडळींनी आता त्या वृद्धाश्रमात पाळ्या लावल्या आहेत. दर शनिवारी सकाळी दोघं जातात. एक नखं कापतो, दुसरा व्हाउचरं लावतो. मुंग्यांवाल्या आजी आता नाहीत. डिसेंबरचे शनिवार भरले आहेत. जानेवारीतला पहिला शनिवार अजून रिकामा आहे. नेलकटर मोठं आणा.