भिंतीला टेकलेला गार्ड

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘कारखान्यातले अपघात : नोंद आणि तपास’ असा छापला आहे. काल इथे संतसाहित्य झालं, उद्या नाट्यसंगीत आहे. मधल्या संध्याकाळी एवढी माणसं अपघातांबद्दल ऐकायला आली, याचा मला मनापासून आनंद आहे. (मागून : “पंखे चालू आहेत म्हणून!” हशा.) पंख्यांसाठी आला असाल तरी बसा. मला एकच गोष्ट सांगायची आहे. बोट गेल्यावर आपण कागद भरतो. बोट थोडक्यात वाचतं, तेव्हा कुणी काही लिहीत नाही. खरा तपास त्या दिवशी करायचा असतो.

कायद्याची कलमं पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना सांगत नाही. इथे घरटी एक माणूस कंपनीत गेलेला आहे. आमच्या वेळच्या १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ८८ होतं : दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवायचं. म्हणून दुसऱ्याच दिवशी प्लॅस्टरमधला माणूस रिक्षाने आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर कसा बसवतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. (हशा.) हसू नका. गेटवरच्या पाटीवर ‘अपघातविरहित दिवस’ वाढत राहावेत, म्हणून तो ठणका सोसत बसलेला असतो. असा माणूस मी पाहिला आहे. ती पाटी आधी उतरवा. शून्याला बक्षीस लावलं की लोक अपघात थांबवायच्या आधी अपघाताची बातमी थांबवतात.

एक उदाहरण दोन मिनिटांत सांगतो. मी नवा सेफ्टी ऑफिसर होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. दुसरी पाळी, पॉवर प्रेस. ऑपरेटरने पेडल मारलं, जॉब डायमध्ये चिकटला, त्याने तो काढायला डावा हात घातला आणि प्रेस दुसऱ्यांदा खाली आली. दोन बोटं गेली. मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. मशीन पुसून झालं होतं, समोर नारळ फुटला होता, आणि दुसरा माणूस त्याच प्रेसवर बसला होता. नारळाला माझी ना नाही. खंडेनवमीला त्याच प्रेसला झेंडूची माळ घालणारे हेच हात. पण पुसण्याआधी कुणी पाहायला हवं होतं. मी काय केलं? अर्ध्या तासात रिपोर्ट लिहिला : ‘कामगाराने निष्काळजीपणे हात डायमध्ये घातला.’ चार सह्या झाल्या. फाइल बंद.

पंधरा दिवसांनी त्याचा हेल्पर चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, “साहेब, त्या आठवड्यात प्रेस तीनदा डबल मारली होती.” मी विचारलं, सांगितलं नाहीस? तर त्याने फिटरला सांगितलं होतं. फिटरने स्प्रिंग ताणून दिली होती; क्लचची चावी झिजली होती, नवी स्टोअरमध्ये नव्हती. मग जॉब चिकटत का होता? पाइप गळत होता, जॉब उडवायला हवा पुरत नव्हती. चिमटा होता की! होता, पण जुन्या डायच्या मापाचा. आणि गार्ड?

मित्रहो, गार्ड तिथेच होता. नवी डाय बसेना म्हणून ‘तात्पुरता’ काढलेला, चार महिने भिंतीला टेकून उभा. त्याच्या आडव्या पट्टीवर कामगार जेवणाचे डबे ठेवत. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. माझ्या रिपोर्टात त्याचा एक शब्दही नव्हता. मी ऑपरेटरच्या घरी गेलो. तो मलाच धीर देत होता : “जाऊ द्या साहेब, जिवावरचं बोटावर निभावलं.” निष्काळजीपणा त्याच्या नावावर लिहिणारा मी, आणि माझ्यापुढे चहाचा कप ठेवणारा तो.

(पुढच्या रांगेतील एक गृहस्थ उभे राहून : “गार्ड कामगार स्वतःच काढतात. आम्ही लघुउद्योजकांनी काय प्रत्येकामागे उभं राहायचं?”) बसा, बसा, तुमचा राग मी समजतो. कामगार गार्ड काढतात, अगदी खरं. पण का काढतात, एवढं एकदा विचारा. गार्डसकट काम करून ठरलेले नग निघतात का? निघत नसतील, तर गार्ड काढायचा हुकूम तुमच्या नगांच्या आकड्यातच लिहिलेला आहे. (टाळ्या.) टाळ्या नकोत. हे गृहस्थ निदान उभं राहून बोलले.

हुकलेल्या अपघाताची बातमी हवी तिथे न पोचणं फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. १ डिसेंबर १९७४ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या विमानकंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान एका गैरसमजुतीतून डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजुतीने त्याच डोंगरावरून थोडक्यात सुटलं होतं. त्या वैमानिकांनी ते कळवलं, त्यांच्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलंच नाही. त्यानंतर १९७६मध्ये तिथे नवी पद्धत सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक किंवा हुकलेला अपघात कळवायचा, तो कागद नासाकडे जातो, नाव-गाव काढून टाकलं जातं आणि शिकण्यासारखं असेल ते सगळ्यांना कळवलं जातं. शिक्षा करू शकणाऱ्याच्या हाती कागद न देणं, ही त्यातली किल्ली आहे.

भोपाळची वायुगळती तुम्ही जाणता. त्याआधी १९८१च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जिनने एक कामगार दगावला होता. १९८२मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी धोका छापून सांगत होते. मग १९८४. कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली १९८७ला. समोर दिसणारा धोका वरिष्ठांच्या नजरेस आणायचा हक्क कामगाराला मिळाला, तोही धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता. आमच्या प्रेस शॉपचा हेल्पर त्याच्या बाहेरच राहिला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. तपास कसा करावा यावर मी चार पानं लिहून आणली होती, ती राहू देत. एवढं ऐका : मशीन पुसू देऊ नका. हेल्परला ऑफिसात बोलावू नका, मशीनपाशी जाऊन ऐका. ‘कोणी केलं’ हा प्रश्न त्या दिवशी तोंडातून काढू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारत राहा.

हुकलेले अपघात लिहायला आम्ही पुढे ठेवलेली ही वही आणली आहे, शंभरपानी, सुतळीने मशीनला बांधलेली असायची. नाव लिहायची सक्ती नव्हती. पहिले दोन महिने कोरी राहिली. मग कुणीतरी लिहिलं, ‘जिन्याची तिसरी पायरी सैल.’ आम्ही त्याच दिवशी पायरी बसवली. त्यानंतर पानं भरू लागली. एक नोंद वाचतो आणि बसतो.

‘सात नंबर प्रेस दोनदा डबल मारली. मी बंद केली आहे. दुसरी पाळी.’ खाली वेगळ्या अक्षरात : ‘चावी नवी टाकली. गार्ड बसवून चालू केली.’