गळालेल्या शिंगाचा मालक कोण?

(वनालगतच्या गावांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मागे अशाच एका शिबिरात एका वयोवृद्ध सदस्यांनी मला प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "साहेब, सांबर मारणे गुन्हा आहे, हे आम्हांला पटते. पण ज्या शिंगावरचा हक्क सांबरानेच सोडला, ते उचलले तर गुन्हा कसा?" त्या वेळी मी कायद्याचे कलम सांगून मोकळा झालो. मात्र कलम सांगितल्याने शंका मिटत नाही, हे घरी जाताना जाणवले. आज त्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, असा विचार आहे.

शिंगाशिंगांतील भेद

मराठीत आपण सर्वांनाच शिंग म्हणतो, पण निसर्गाने त्यांत मोठा भेद केला आहे. काळवीट, नीलगाय, चौशिंगा आणि गवा यांची शिंगे जन्मभराची असतात. आत हाड आणि वर नखासारख्या पदार्थाचे आवरण, अशी त्यांची रचना असते. सांबर, चितळ व भेकर यांच्या नरांची शिंगे मात्र निव्वळ हाडाची असतात आणि ती ठरावीक काळाने गळून पडून पुन्हा उगवतात. वाढत असताना त्यांवर मऊ लव असलेली कातडी असते व तिच्यातून रक्त खेळते. वाढ पूर्ण झाली की ती कातडी वाळते आणि नर झाडांना शिंगे घासून ती काढून टाकतो. मीलनाचा काळ सरला, नराच्या शरीरातील संप्रेरक ओसरले, की शिंगाच्या मुळाशी हाड झिजते व एके दिवशी शिंग गळून पडते.

उत्तर अमेरिकेतील एल्क हे आपल्या सांबराहूनही मोठे हरीण. ऐन भरात त्याचे शिंग दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि मोठ्या नराच्या जोडीचे वजन 15 ते 18 किलोपर्यंत भरू शकते. एवढे हाड काही महिन्यांत उभे करण्यासाठी केवळ चारा पुरत नाही. शिंगे वाढत असताना नर स्वतःच्या फासळ्यांतील व इतर हाडांतील चुना काढून शिंगाकडे वळवतो. स्वतःची हाडे तात्पुरती पोकळ करून तो हा भार उभा करतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शोध शिंगांचा, लाभ विलक्षण गोष्टींचा

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचे गाव आहे. गावाला लागूनच 1912 साली स्थापन झालेले एल्कांचे राष्ट्रीय आश्रयस्थान आहे. हजारो एल्क तेथे हिवाळा काढतात आणि वसंतात पर्वतांकडे परतण्यापूर्वी नरांची शिंगे तेथेच गळतात. ती उचलण्याची मुभा सर्वसामान्यांस नाही. गावातील बालवीर पथके ती गोळा करतात व 1968 पासून त्यांचा जाहीर लिलाव होतो. उत्पन्नाचा 75 टक्के भाग त्याच आश्रयस्थानाच्या कामासाठी परत दिला जातो. गावच्या चौकात अशा शिंगांच्या कमानी उभ्या असून पहिली कमान 1953 साली उभारली गेली.

त्या प्रदेशातील सार्वजनिक जमिनींवर गळालेली शिंगे शोधत फिरणे हा अनेकांचा छंद आहे, काहींचा तो व्यवसायही आहे. मात्र अशा भटकंतीत शिंगांपेक्षा विलक्षण गोष्टीच अधिक सापडतात.

कोठे शिंगाची टोके कुरतडलेली असतात. दातांच्या समांतर खुणा पाहिल्या की उंदीर, खार व साळिंदर यांनी चुन्यासाठी ते झिजवले, हे कळते. हरणे स्वतःही गळालेली शिंगे चघळतात. कोठे दोन कवट्या एकमेकींत अडकलेल्या आढळतात. झुंजीत गुंतलेली शिंगे सुटली नाहीत आणि दोन्ही नर उपासमारीने मेले, अशी ती कथा असते. एखादे शिंग गाठीगाठींचे असते व त्याची लव कधी गळालेलीच नसते. अशा नराच्या वृषणांना इजा झालेली असण्याचा संभव असतो. मागच्या पायाला मोठी जखम झाली, तर पुष्कळदा विरुद्ध बाजूचे शिंग वेडेवाकडे वाढते. ज्या मुळावर शिंग उगवते त्यालाच इजा झाली, तर ती विकृती वर्षानुवर्षे पुन्हा उमटते. जाणत्याच्या हाती पडलेले शिंग म्हणजे त्या प्राण्याच्या प्रकृतीची नोंदवहीच होय.

आणि कोठे शिंगाला माणसाची खूण गुंडाळलेली असते. कुंपणाची तार, दोर, रोषणाईच्या दिव्यांची माळ, असे काय वाटेल ते. कोलोरॅडो राज्यात 2019 साली एका नर एल्काच्या गळ्यात मोटारीचा टायर अडकलेला दिसला. शिंगे नसताना किंवा लहान असताना त्याने त्यात डोके घातले असावे. पुढे शिंगे वाढली आणि टायर निघेना. दोन वर्षांहून अधिक काळ तो ते ओझे वागवीत हिंडला. ऑक्टोबर 2021 मध्ये वन्यजीव अधिकाऱ्यांनी त्याला भूल दिली. टायरमधील पोलादी तार कापता येईना, म्हणून शेवटी त्याची शिंगेच कापावी लागली. शिंगे, टायर व त्यात साठलेला कचरा मिळून सुमारे 16 किलोचा भार उतरला. शिंगे पुन्हा येणार होती, म्हणूनच हा उपाय शक्य झाला.

तेथेही निर्बंध का?

हा छंद निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. हिवाळ्याच्या अखेरीस हरणांच्या अंगावर चरबी उरलेली नसते आणि माद्या गाभण असतात. शिंगांच्या लोभाने माणसे पाठीशी लागली की बर्फातून पळताना त्यांची उरलीसुरली शक्ती संपते. म्हणून वायोमिंगच्या पश्चिम भागात सार्वजनिक जमिनीवर 1 जानेवारी ते 30 एप्रिल या काळात शिंगे गोळा करण्यास मनाई आहे. 2023 च्या कडक हिवाळ्यात यूटा राज्याने 30 एप्रिलपर्यंत राज्यभर बंदी घातली होती. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर शिंग उचलण्यास मुळीच परवानगी नाही.

आपल्याकडील स्थिती

आपला कायदा याहून स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये वन्य प्राण्याचे शिंग ही शासनाची मालमत्ता होय. ते कोणाच्या हाती आल्यास 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.

त्या वृद्ध सदस्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. आपोआप गळालेल्या शिंगाचे बूड गोलसर व खडबडीत असते. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचे हाड लागलेले असते. अखंड शिंग पाहून हा फरक सांगता येतो. परंतु त्याची सुरीची मूठ किंवा भुकटी झाली, की ते गळालेले की जीव घेऊन मिळवलेले, हे कोण सांगणार? गळालेल्या शिंगाला बाजार मिळाला, की त्याच बाजारात मारलेल्या सांबराचे शिंगही विकले जाणार. शिवाय सांबराने हक्क सोडला तरी साळिंदराने व उंदराने तो सोडलेला नसतो. नराने आपल्या हाडांतून काढलेला चुना रानातच परत जावयाचा असतो.

हे सांगताना स्वतःची गोष्ट लपवणे बरे नव्हे. माझ्या आजीच्या डब्यात साबरशिंगाचा एक तुकडा होता. कोणाची छाती दुखली, कोणाला मुका मार लागला, की ती तो सहाणेवर उगाळून लेप लावीत असे. आजी गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. कायदा वाचल्यावर मी तो तुकडा लेखी अर्जासह वनविभागाच्या कार्यालयात जमा केला. देताना हात जड झाला, हे कबूल करतो. पण दुसऱ्याला कलम सांगणाऱ्याच्या घरात तो तुकडा राहणे मला योग्य वाटले नाही.

तेव्हा आपणांस तीन विनंत्या आहेत. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना शिंग दिसले, तर ते जागीच राहू द्यावे व जागा वनरक्षकास कळवावी. शिक्षकांनी शाळेच्या संग्रहासाठी शिंग आणण्यास मुलांना सांगू नये. मुलांनी वनरक्षकासोबत जाऊन त्याचे चित्र काढावे, दातांच्या खुणा मोजाव्यात, नोंद ठेवावी. आणि शिंगाला तार किंवा फास गुंतलेला आढळला, तर त्याच दिवशी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस वर्दी द्यावी. कारण तशी तार एकाच जागी लावलेली असेल, असे समजण्याचे कारण नाही. तिच्यात उद्या आपल्या गावचे जनावर सापडेल, कदाचित माणूसही सापडेल.

ते वृद्ध सदस्य आज येथे असते, तर मी त्यांना इतकेच सांगितले असते की, सांबराने शिंग टाकले ते रानात, आपल्या अंगणात नव्हे.