रिपोर्टमध्ये 4 टक्के, पण पुस्तक कुठंय?

सध्या गावी आहे, धाराशिवला. मधेच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एआय आणि कॉलेजातलं लिखाण. घरातलीच गोष्ट आहे. माझी मावसबहीण अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. तिचा रिसर्च प्रोजेक्ट भूम तालुक्यातल्या खवा भट्ट्यांवर. कुंथलगिरीचा पेढा खाल्ला असेल तर त्यातला खवा तुम्हाला माहितीय. ही पोरगी पहाटे भट्टीवर जाऊन बसायची. दूध किती आलं, लाकूड किती जळलं, खवा किती निघाला, सगळं वहीत. पाचेक लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो, हे मलाही तिच्याकडूनच कळलं. हे तिचं चौथं प्रकरण. इंग्रजीत, पण स्वतः लिहिलेलं.

दुसरं प्रकरण म्हणजे या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय त्याचा आढावा. ते तिनं एका रात्रीत चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं. मला म्हणाली, "दादा, सगळेच करतेत."

मग रिपोर्ट आला. दुसऱ्या प्रकरणाची समानता 4 टक्के, म्हणजे एकदम पास. आणि गाईडनी कुठल्यातरी फुकटच्या एआय डिटेक्टरमध्ये टाकून पाहिलं, तर लाल खूण कुठं? चौथ्या प्रकरणावर! फोनवर रडायलाच लागली.

आता हे असं का होतं, बघा. यूजीसीचा वाङ्मयचौर्याचा नियम 2018 चा आहे. 10 टक्क्यांपर्यंत समानता चालते. 10 ते 40 मध्ये असाल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. नियमात चोरी म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं. सॉफ्टवेअर काय करतं? तुमची वाक्यं आधीच्या मजकुराशी जुळतात का ते बघतं. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर 2022 मध्ये. ते एकेक शब्द मांडत नवं वाक्य तयार करतं. जुळणार कशाशी? तो टक्का कॉपी-पेस्ट मोजायला ठीक होता, यात तो आंधळा आहे.

आणि डिटेक्टर? त्यातले बरेचसे पुढचा शब्द किती अपेक्षित आहे यावर अंदाज बांधतात. साधे शब्द, सरळ वाक्यं दिसली की त्यांना मशीनचा वास येतो. आता मराठी मीडियमची पोरगी इंग्रजी कसं लिहिणार? साधंच ना! 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 निबंध दिले, माणसांनीच लिहिलेले. सरासरी 61 टक्के निबंध एआयचे म्हणून ठरले. ओपनएआयनं तर स्वतःचा डिटेक्टर जुलै 2023 मध्ये बंदच केला, अचूकता कमी म्हणून. ज्यांनी मशीन बनवलं त्यांनाच ओळखता येईना, आणि आपण त्यावर पोरांचे मार्क ठरवणार? मी रोज कोड लिहायला एआय वापरतो, मला त्याचं वावडं नाही. पण या लाल खुणेवर कुणाला दोषी धरणं मला तरी पटत नाही.

शेवटी मी तिला सांगितलं, वही घेऊन जा. ती गेली. दुधाचे डाग पडलेली वही, भट्टीवरचे फोटो, मालकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग, सगळं टेबलावर ठेवलं. गाईडनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. लाकूड कुठून येतं, पावसाळ्यात काय करतात, भाव कोण ठरवतं. हिनं धडाधड उत्तरं दिली. चौथं प्रकरण मान्य झालं.

मग त्यांनी दुसरं प्रकरण उघडलं. एका संदर्भावर बोट ठेवून म्हणाले, "हे पुस्तक मला वाचायचंय. कुठं मिळालं?"

मिळणार कुठं! पुस्तकच नाही. लेखकाचं नाव मराठी, प्रकाशन पुण्याचं, साल दिलेलं, सगळं अगदी खरं वाटावं असं. आम्ही रात्री बसून एकेक संदर्भ शोधला. चौदापैकी नऊ सापडलेच नाहीत. 4 टक्केवाल्या रिपोर्टला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

आता तिला एक महिना मिळालाय. काल लायब्ररीतून जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर शोधून आणलंय, मोबाईलवर पानांचे फोटो काढत बसलीय. मला आत्ताच हाक आली, "दादा, तो माईक बंद कर अन् हे जरा वाचून दाखव." जातो. भेटू पुढच्या एपिसोडला!