गोठ्यातील तडकलेली बादली

कुंभारकामासाठी ख्यात असलेल्या भद्रावतीच्या गोठ्यांतही आता प्लास्टिकची बादली रूढ झाली आहे. ती तडकली की पुष्कळजण तारेने शिवतात. हे धोक्याचे आहे. गाय चारा नीट न चावता गिळते. त्यासोबत गेलेला तारेचा तुकडा जाळीपोटात अडकून हृदयासही टोचू शकतो. म्हणून तडा जेथे संपतो तेथे बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तो वाढत नाही. साधा डिंक या प्लास्टिकला धरत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापविलेल्या सळईने, उघड्या हवेत, वितळवून सांधावी. सांधलेली बादली शेणासाठी ठेवावी, पाण्यासाठी नव्हे. सळई शिक्षकांनीच हाताळावी, मुलांनी दुरून पाहावे. ही गोष्ट मुलांमार्फत घरोघरी पोहोचल्यास एखादे जनावर निश्चित वाचेल.