मोरी, चरंडी आणि ओळचरंडी

(कडोली येथील बैठकीत केलेले भाषण)



मी बँकेत कारकून, शिक्षण बी.कॉम. वकील नाही. पण तारणाला येणाऱ्या घरांचे कागद रोज हाताखालून जातात.

आमच्या आजोबांचे खरेदीपत्र मराठीत आहे. त्यात ‘मोरीचे पाणी उत्तरेच्या बोळातून जाण्याची वहिवाट’ असे स्वच्छ लिहिले आहे. पुढे वाटणीच्या कन्नड कागदात त्या जागी नुसते ‘चरंडी’ आले. चरंडी म्हणजे गटार. कुणाचे, कुठल्या पाण्याचे, काही नाही. शेजाऱ्यांनी बोळात भिंत घातली तेव्हा आमचे डोळे उघडले.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘ड्रेन’ शब्दात उघडा चर, घराची मोरी, सांडपाणी, पावसाचे पाणी, सगळे येते. ‘सीवर’ मात्र, २०१३ च्या मैला सफाईबंदी कायद्याप्रमाणे, मैला वाहून नेणारा जमिनीखालचा नळ. त्यालाच कन्नडमध्ये ओळचरंडी. नोटीस मराठीत मिळावी ही आपली मागणी जुनीच आहे. तोवर हे दोन शब्द तरी ओळखून मग सही करा.

आता वहिवाट. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला, म्हणजे आपल्या बेळगावलाही, लागू झाला. वरच्या जमिनीवरचे पावसाचे पाणी आपसूक खाली येत असेल, तर खालच्याने ते येऊ द्यायचे. मोरीच्या पाण्याला ही सवलत नाही. त्याला लेखी हक्क हवा, नाहीतर २० वर्षांची उघड, अखंड वहिवाट, तीही हक्काने केलेली. ‘दादा, तुमच्या परड्यातून पाणी सोडतो हं’ अशी परवानगी घेतली असेल, तर ५० वर्षांनीही हक्क लागत नाही. आणि भाऊबंदांत आपले सगळे असेच तोंडी चालते! शिवाय वाट अडवली, तर दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. आम्ही समजुतीच्या बैठकांतच दीड वर्ष घालवले होते.

बेळगाव शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्याने वडगावच्या शिवारात जाते. तिथल्या मंडळींसाठी एक कलम सांगतो. पाणी घाण करण्याचा हक्क कुणी सांगू लागला, तर त्याची २० वर्षे नाला वाहू लागल्यापासून मोजत नाहीत. खालच्या जमिनीला त्रास जाणवू लागला तेव्हापासून मोजतात. म्हणून पीक पहिल्यांदा कधी बिघडले, ते साल लिहून ठेवा.

येत्या रविवारी सकाळी मी इथेच बसणार आहे. जुनी खरेदीपत्रे घेऊन या. झेरॉक्स चालेल, मूळ प्रत घरीच ठेवा.