पुराचे गणित आणि आपली वस्ती

(वर्षावासाच्या पूर्वदिनी विहारात जमलेल्या उपासक-उपासिकांसमोर दिलेले व्याख्यान)



उद्या आषाढी पौर्णिमा. उद्यापासून भिक्खुसंघाचा वर्षावास सुरू होईल. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहावे, असा नियम भगवान बुद्धांनी घालून दिला. कारण या दिवसांत फिरणाऱ्यांच्या पायाखाली कोवळे अंकुर आणि असंख्य जीव तुडवले जातात. ऋतू डोळसपणे पाहून माणसाने आपले वर्तन ठरवावे, ही शिकवण आपल्या धम्मात इतकी जुनी आहे. पाऊस पाहून आपण आपले वर्तन कसे ठरवावे, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली आहे. मी पंडित नाही. नदीचे पाणी मोजण्याच्या कामात माझी सारी नोकरी गेली. त्या अनुभवाच्या बळावरच मी आपणासमोर उभा आहे.

येथे बसलेल्या कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील देव्हारा उठला, नवससायास सुटले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पूर आला आणि घर वाहून गेले की “नशिबात होते” हे शब्द अजून आपल्या तोंडी येतात. देव बाहेर गेला, पण नशीब मात्र चुलीपाशी बसून राहिले! जे घडते ते कारणाने घडते, असे भगवंतांनी सांगितले. पुरालाही कारणे आहेत. ती शोधता येतात, मोजता येतात, आणि त्यांतील पुष्कळशी माणसाच्या हातची आहेत.

पाण्याचा हिशेब

प्रथम साधा हिशेब पाहू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १० कोटी लिटर भरते. यांपैकी किती जमिनीत मुरेल आणि किती ओढ्याला मिळेल, हे जमीन कशी आहे यावर अवलंबून असते. मृगाच्या पहिल्या सरी तहानलेली जमीन पिऊन टाकते. श्रावणात, आठ दिवसांच्या झडीनंतर, तीच जमीन एक थेंब घेत नाही. सारे पाणी उताराने धावते. उतार उभा असेल तर पाणी लवकर येते. डोंगर बोडके झाले असतील तर ते आणखी लवकर येते. आणि अनेक ओढ्यांचे पाणी एकाच वेळी नदीत पोहोचले की पूर येतो.

हाच हिशेब साऱ्या खोऱ्यासाठी मांडणे, याला जलशास्त्रात प्रतिमान म्हणतात. खोऱ्याचे लहान लहान पाणलोट पाडायचे, प्रत्येकात किती पाऊस पडला, किती मुरला, उरलेले पाणी किती तासांनी कोठे पोहोचेल, हे गणिताने काढायचे. १९३२ साली अमेरिकेतील शर्मन या अभियंत्याने पावसावरून पुराचा चढउतार काढण्याची सुटसुटीत रीत दिली. तेव्हा हे काम कागद-पेन्सिलीने होई. आता ते संगणक करतो. पण संगणकालाही सत्याची कसोटी द्यावी लागते. मागे आलेला पूर प्रतिमानातून काढून पाहायचा, आणि त्या वेळी पाणी खरोखर कोठवर चढले होते त्याच्याशी तो ताडून पाहायचा. जुळले तरच त्या प्रतिमानावर विश्वास ठेवायचा. ‘या आणि पाहा’ असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना ही रीत परकी वाटू नये.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. उमेदवारीच्या काळात एका नदीकाठच्या गावी पुराच्या खुणा नोंदविण्यास आम्ही गेलो. देवळाच्या पायऱ्या झाल्या, पाटलांच्या वाड्याची भिंत झाली, चावडी झाली. ओढ्यापलीकडे आमच्या लोकांची वस्ती होती. तेथे पाणी सर्वांत आधी शिरले होते आणि सर्वांत शेवटी ओसरले होते. त्या वस्तीत मात्र कोणी गेले नाही, “मातीच्या भिंती पडल्या, तेथे खूण कसली मिळणार?” असे वरिष्ठ म्हणाले. मी गप्प बसलो. ज्या घरांना पुराने सर्वाधिक झोडपले, त्यांचीच नोंद कागदावर आली नाही. पुढे त्या कागदावरून नकाशा झाला असेल, तर त्या नकाशात आमची माणसे कोरड्या जमिनीवर राहत असतील! त्या दिवशी गप्प बसल्याची टोचणी मला अद्याप आहे, आणि आजचे हे बोलणे तिच्यातूनच आले आहे.

निळी रेषा, लाल रेषा

आपल्या राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्ही रेषांच्या मध्ये ते निर्बंधांसह. आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून पुष्कळांचा समज होतो की, एकदा पूर येऊन गेला म्हणजे नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. हा समज घातक आहे. या शब्दांचा अर्थ इतकाच की, दर वर्षी असा पूर येण्याचा संभव शंभरात एक आहे. ३० वर्षे त्या रेषेवर राहणाऱ्या कुटुंबाला तो पूर निदान एकदा गाठण्याचा संभव शंभरात सुमारे २६ आहे. निळ्या रेषेवर राहणाऱ्याला २५ वर्षांच्या पुराने त्याच ३० वर्षांत गाठण्याचा संभव शंभरात ७१ आहे. आता विचारा, पुष्कळ गावी आपली वस्ती सखल जागी, ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला का आहे? ती जागा आपल्या पूर्वजांनी हौसेने निवडली नव्हती. गावकुसाबाहेर जे उरले ते त्यांच्या वाट्याला आले. तेव्हा पाणी निसर्गाचे असले, तरी ते प्रथम कोणाच्या दारात जावे हे माणसांनी ठरविले आहे.

बाबासाहेबांची दृष्टी

परमपूज्य बाबासाहेबांचे नाव घेताच आपल्याला १९२७ सालचे महाडचे चवदार तळे आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. परंतु पाण्यासंबंधी त्यांनी केलेले दुसरे कार्य आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज यांचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीने बांध फोडला आणि कलकत्त्याचा रेल्वेमार्ग व हमरस्ता तुटला. केवळ बांध उंच करून भागणार नाही; नदीचे संपूर्ण खोरे हा एक घटक मानून पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार व्हावा, ही भूमिका त्यांनी घेतली. १९४५ साली मध्यवर्ती जल आयोगाची स्थापना झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटक येथे त्यांनी सांगितले की, पाण्याला केवळ संकट मानून ते समुद्राकडे घालविण्याचा विचार चुकीचा आहे. पाणी ही संपत्ती आहे आणि ते साठवून लोकांच्या उपयोगी आणले पाहिजे. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ कायद्याने अस्तित्वात आले. १९५३ ते १९५९ या काळात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे उभी राहिली.

आपण श्रद्धेने बोलतो म्हणून हिशेबाची दुसरी बाजू झाकू नये. त्या धरणांखाली आदिवासींची गावे बुडाली. मूळ आराखड्यात याहून अधिक धरणे होती, ती सारी झाली नाहीत. आणि १९७८ साली दामोदरच्या खालच्या भागात पुन्हा मोठा पूर आला. धरण पुराची धार कमी करते; पूर नाहीसा करीत नाही. आणि धरण स्वतःच फुटले तर काय होते, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतने पुण्याला दाखविले.

कृष्णा आणि रोहिणी

२०१९ सालच्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापूरला वेढले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांवर गेले. सारा दोष कर्नाटकातील अलमट्टी धरणाला देण्यात आला. पुढे राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० सालच्या अहवालात अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. वाद अजून शमलेला नाही. परंतु असा वाद आरोळ्यांनी मिटणार की मोजमापांनी?

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे, हे आठवा. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्यसंघ युद्धाला उठला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या दोषांची चौकशी करून समेट करावा, असे सिद्धार्थाने सुचविले. ते मान्य झाले नाही, आणि त्याची किंमत त्याने घर सोडून दिली. पाण्याच्या प्रश्नात प्रथम चौकशी, मग निर्णय, हा आपला वारसा आहे.

चौकशीचा उपयोग काय, तेही पाहा. धरण सिंचनासाठी भरलेले हवे आणि पुरासाठी रिकामे हवे, हा खरा पेच आहे. एक लाख घनफूट पाणी दर सेकंदाला असे एक दिवस सोडले, तर साडेआठ अब्ज घनफुटांहून अधिक जागा धरणात मोकळी होते. दोन दिवस आधी पावसाचा आणि नदीचा अंदाज मिळाला, तर हे पाणी टप्प्याटप्प्याने सोडता येते. अंदाज नसेल, तर भरल्या धरणाचे दरवाजे मध्यरात्री उघडावे लागतात, आणि ते पाणी झोपलेल्या वस्तीत शिरते.

आणि महाड! २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. ज्या नगरीत एके काळी ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, तेथे पाण्यापासून जीव वाचविण्यासाठी लोक छपरांवर चढले. तळ्याच्या पाण्यावर हक्क मागणाऱ्यांच्या वंशजांनी आता पाण्याविषयीच्या ज्ञानावरही हक्क मागितला पाहिजे.

आपण काय करावे

पहिले, पूररेषेचा नकाशा ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत मागा. आपले घर कोणत्या रेषेत येते, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असू द्या. दुसरे, विहाराच्या पक्क्या भिंतीवर प्रत्येक पुराची खूण तारखेसह रंगवा. मोजणीदार आले की त्यांना हात धरून तेथे न्या. मी जे केले नाही ते तुम्ही करा. तिसरे, सरळ कडांचे भांडे उघड्यावर ठेवून मुलामुलींनी रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजावा आणि वहीत लिहावा. चौथे, वृद्ध, आजारी आणि गरोदर स्त्रिया कोणत्या घरात आहेत, त्यांना कोण उचलील, कोठे नेईल, हे पाऊस लागण्यापूर्वी ठरवा. जमिनीचे व जातीचे दाखले मेणकापडात बांधून ठेवा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुरानंतर पंचनामे होतात तेव्हा शेत आणि घर यांचे मोल लिहिले जाते. भूमिहीनाची बुडालेली मजुरी कोण लिहितो? ती लिहावी म्हणून एकत्र जाऊन सांगा. आणि गाव उंच जागी नेण्याचा प्रसंग आला, तर नव्या नकाशात पुन्हा वेगळा वाडा पाडू देऊ नका. जुने गावकूस पाण्याने पाडले. ते नव्या जागी कागदावर बांधले जात असेल, तर त्या कागदावर आपला अंगठा उमटता कामा नये. तेथे आपली स्वच्छ अक्षरातील हरकत हवी.

उद्या पौर्णिमेला पंचशील ग्रहण कराल. परवा सकाळी ते भांडे अंगणात ठेवा. इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.